हंसराजाची तहान : घरातील नेच्यांच्या निगेविषयी

मराठीत ज्या नेच्याला हंसराज म्हणतात त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव अ‍ॅडिअँटम असे आहे. हे नाव 'न भिजलेले' या अर्थाच्या ग्रीक विशेषणावरून आले. पानावर पडलेले पाणी न चिकटता ओघळून जाते, ही गोष्ट इ. स. पूर्व चौथ्या शतकात थिओफ्रास्टसने नोंदविली होती. नाव यथार्थ आहे खरे. परंतु ते पानाचे वर्णन करते, वनस्पतीच्या गरजेचे नव्हे. घरी आणलेला हंसराज पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांत करपतो, तो हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे.

हंसराजाची पाने अत्यंत पातळ असतात, तर मुळे बारीक व उथळ. हवा कोरडी झाली म्हणजे पानांतून जितके पाणी उडून जाते तितके मुळांना वेळेवर पुरविता येत नाही, आणि पर्णिकांच्या कडा तपकिरी होतात. अशा वेळी पिचकारीने पाने भिजविण्याची प्रथा आहे. तिचा उपयोग अल्पच. थेंब ओघळतात आणि दमटपणा काही मिनिटांत नाहीसा होतो. त्यापेक्षा मातीची कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या पोकळीत वाळू भरावी व ती सतत ओली राखावी, हे अधिक फलदायी होय. पंख्याचा झोत मात्र टाळलाच पाहिजे. कुंडीतील माती कुजलेला पालापाचोळा, जाड वाळू आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळून भुसभुशीत केलेली असावी. ती ओलसर हवी, चिखल नको. उजेड उत्तरेच्या वा पूर्वेच्या खिडकीचा पुरे.

दमट हवेचे हे महत्त्व योगायोगाने उघड झाले. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांच्या अंगणातील नेचे कोळशाच्या धुरामुळे जगत नसत. 1829 च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीसह एका बंद बाटलीत ठेवला असता, त्या मातीतून एक नेचे आपोआप उगवले आणि टिकले. मातीतून उडालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत झिरपत होती. पुढे याच तत्त्वावरील काचपेट्यांतून जिवंत रोपे समुद्रापार जाऊ लागली.

एका नावाखाली दोन भिन्न स्वभाव वावरतात, हा घोटाळा आणखी महाग पडतो. सह्याद्रीत जूनपासून दरडींवर व जुन्या भिंतींवर उगवणारा हंसराज म्हणजे अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स. पाऊस ओसरल्यावर त्याची पाने वाळतात, पण मातीतील मूलस्तंभ जिवंत असतो. रोपवाटिकांत मिळणारा अ‍ॅडिअँटम रॅडिअ‍ॅनम मूळचा दक्षिण अमेरिकेतील. ओलावा मिळाल्यास तो वर्षभर हिरवा राहतो. दुसऱ्याची पाने वाळली तर निगेत चूक झाली असे समजावे. पहिल्याची वाळली तर ऋतू पालटला, इतकेच! तरीही ती कुंडी मेली समजून उकिरड्यावर रिकामी केली जाते. वस्तुतः तिला सावलीत ठेवून, माती अगदी कोरडी पडणार नाही इतपतच पाणी देत, जूनची वाट पाहणे इष्ट.

पानामागील तपकिरी खुणा पाहून औषध फवारणारेही आढळतात. खुणा ठरावीक अंतराने, नक्षीप्रमाणे असतील तर ते बीजाणूंचे पुंज होत. हंसराजात ते पर्णिकेच्या दुमडलेल्या कडेखाली असतात. शिरांवर व देठांवर वाटेल तसे विखुरलेले, नखाने सुटणारे, चिकट ठिपके मात्र खवलेकिडीचे. बीजाणूपासून प्रथम नखाएवढे हिरवे हृदयाकृती पटल उगवते. त्यावरील नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशीपर्यंत जाते, तेव्हाच नवे नेचे जन्मते. दोन पिढ्यांचे हे आवर्तन व्हिल्हेल्म हॉफमायस्टर यांनी 1851 साली उलगडले. ओल्या कुंडीच्या कडेला दिसणारी असली हिरवी पटले शेवाळ समजून खरवडू नयेत. त्यांतून काही महिन्यांनी पहिले चिमुकले पान वर येते.