ऑस्ट्रेलियन रग्बी लीग स्पर्धा, १९९७ ची

ऑस्ट्रेलियन रग्बी लीग स्पर्धा, १९९७ ची : ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक रग्बी लीग ह्या खेळाच्या इतिहासातील एक अपवादात्मक हंगाम. १९०८ पासून दर वर्षी एकच मुख्य क्लब स्पर्धा भरविणाऱ्या ह्या खेळात १९९७ साली दोन प्रतिस्पर्धी संघटनांनी दोन स्वतंत्र स्पर्धा भरविल्या. त्यांमुळे त्या वर्षी दोन अंतिम सामने झाले व दोन विजेते ठरले. ‘ऑस्ट्रेलियन रग्बी लीग’ (ए. आर. एल.) ह्या जुन्या संघटनेच्या स्पर्धेत १२ क्लब, तर ‘सुपर लीग’ ह्या नव्या संघटनेच्या स्पर्धेत १० क्लब होते. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण हक्कांसाठी झालेला व्यापारी संघर्ष हे ह्या फुटीचे मूळ कारण होय.

खेळाचे स्वरूप : रग्बी लीग हा रग्बी फुटबॉलचा एक प्रकार आहे. इंग्लंडच्या उत्तर भागातील क्लब १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथील बैठकीत मूळ रग्बी संघटनेतून बाहेर पडले व त्यांतून हा प्रकार उदयास आला. सामन्यासाठी बुडवावी लागणारी मजुरी खेळाडूंना भरून मिळावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. ह्या खेळात प्रत्येक बाजूस १३ खेळाडू असतात व सामना ८० मिनिटांचा असतो. चेंडू लंबगोल असून तो हाती घेऊन धावता येते किंवा लाथाडता येतो. मात्र हाताने देताना तो पुढे फेकता येत नाही. चेंडू नेणाऱ्या खेळाडूस पकडून थांबविणे ह्यास ‘टॅकल’ म्हणतात. एका संघाच्या ताब्यात चेंडू सहा टॅकलपर्यंत राहतो. त्यानंतर तो प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला, की ‘ट्राय’ होतो व त्याचे ४ गुण मिळतात. ट्रायनंतरच्या किंवा दंडादाखल मिळालेल्या यशस्वी गोलचे २ गुण असतात.

पूर्वपीठिका : सिडनी येथे ह्या खेळाची संघटना ऑगस्ट १९०७ मध्ये स्थापन झाली. जे. जे. गिल्टिनन हे तिचे एक प्रमुख प्रवर्तक, तर विख्यात क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रंपर हे तिचे पहिले खजिनदार होते. रग्बी खेळताना जखमी झालेल्या कामगार खेळाडूंची बुडालेली मजुरी व औषधोपचाराचा खर्च कोणीही देत नसे. ह्या असंतोषातूनच नव्या संघटनेस पाठिंबा मिळाला. डॅली मेसेंजर ह्या लोकप्रिय खेळाडूच्या प्रवेशाने तिचा जम बसला. १९०८ च्या पहिल्या हंगामात साउथ सिडनी संघाने ईस्टर्न सबर्ब्झवर १४–१२ असा विजय मिळविला. पुढे कित्येक दशके ही स्पर्धा मुख्यतः सिडनीच्या उपनगरांची राहिली. क्लब म्हणजे त्या त्या उपनगराची, तेथील गोदीकामगारांची, कारखान्यांची व शाळांची ओळख, अशी भावना तीत मुरलेली होती.

१९८२ मध्ये कॅनबरा व इलावारा, १९८८ मध्ये ब्रिझ्बेन, न्यूकॅसल व गोल्ड कोस्ट हे सिडनीबाहेरील संघ स्पर्धेत आले. १९९५ मध्ये ऑकलंड (न्यूझीलंड), नॉर्थ क्वीन्सलंड, साउथ क्वीन्सलंड व पर्थचा वेस्टर्न रेड्स ह्या चार संघांची भर पडून एकूण संख्या २० झाली. स्पर्धेचा विस्तार झाला. तथापि सिडनीत एवढे क्लब पोसण्याइतका पैसा नाही, हा प्रश्नही त्याबरोबरच पुढे आला.

फूट व न्यायालयीन लढा : ऑस्ट्रेलियात सशुल्क दूरचित्रवाणी १९९५ मध्ये सुरू झाली. वर्गणीदार मिळविण्यासाठी लोकप्रिय खेळाचे हक्क हाती असणे, ही ह्या धंद्याची पहिली गरज होती. रूपर्ट मर्डॉक ह्यांच्या ‘न्यूज लिमिटेड’ ह्या कंपनीने टेल्स्ट्रा ह्या दूरध्वनी कंपनीशी भागीदारी करून ‘फॉक्सटेल’ ही सेवा काढली. रग्बी लीगचे हक्क मात्र केरी पॅकर ह्यांच्या गटाकडे होते. १९७७ साली प्रक्षेपण हक्कांच्याच वादातून ‘वर्ल्ड सिरीज क्रिकेट’ सुरू करून क्रिकेटमध्ये फूट पाडणारे ते हेच पॅकर होत. ह्या खेपेस ते प्रस्थापित संघटनेच्या बाजूस होते. पॅकर ह्यांचा संबंध असलेली ‘ऑप्टस व्हिजन’ ही सेवा फॉक्सटेलची प्रतिस्पर्धी होती.

ए. आर. एल. ने क्लबांकडून निष्ठेचे करार लिहून घेतले होते. तथापि ३१ मार्च व १ एप्रिल १९९५ च्या सुमारास न्यूज लिमिटेडने खेळाडू व प्रशिक्षक ह्यांच्याशी थेट करार करण्याची मोहीम उघडली. ए. आर. एल. नेही तसेच प्रत्युत्तर दिले. काही दिवसांतच खेळाडूंचे मोबदले कित्येक पटींनी वाढले. ब्रिझ्बेन, कॅनबरा, कॅन्टरबरी, क्रोनुला, पेनरिथ, ऑकलंड, नॉर्थ क्वीन्सलंड व वेस्टर्न रेड्स हे आठ क्लब सुपर लीगकडे गेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये संघीय न्यायालयाचे न्यायमूर्ती बर्चेट ह्यांनी सुपर लीगविरुद्ध निर्णय दिला. त्यामुळे १९९६ चा हंगाम २० संघांनी एकत्रच खेळला. ४ ऑक्टोबर १९९६ रोजी पूर्णपीठाने तो निर्णय फिरविला आणि १९९७ मध्ये वेगळी स्पर्धा घेण्याचा सुपर लीगचा मार्ग मोकळा झाला.

सुपर लीग स्पर्धा : हिला टेल्स्ट्रा करंडक असे नाव होते. उपर्युक्त आठ क्लबांखेरीज ॲडिलेड रॅम्स व हंटर मरिनर्स हे दोन संघ नव्याने उभे करण्यात आले. पर्थच्या संघाचे नाव पर्थ रेड्स असे झाले. १८ फेऱ्यांच्या साखळीत ब्रिझ्बेन ब्रॉन्कोज प्रथम, तर नॉर्थ क्वीन्सलंड शेवटच्या स्थानी राहिला. २० सप्टेंबर १९९७ रोजी ब्रिझ्बेन येथे झालेल्या अंतिम सामन्यात ब्रिझ्बेनने क्रोनुलाचा २६–८ असा पराभव केला. स्टीव्ह रेनूफ ह्याने तीन ट्राय केले. ह्या सामन्यास ५८,९१२ प्रेक्षक उपस्थित होते. वेन बेनेट हे विजेत्यांचे प्रशिक्षक व ॲलन लँगर हा कर्णधार होता.

ऑस्ट्रेलिया–न्यूझीलंडमधील १० व यूरोपातील १२ क्लबांची एक जागतिक क्लब स्पर्धाही सुपर लीगने ह्याच वर्षी भरविली. तीत यूरोपीय संघ फार दुबळे ठरले, अनेक सामने एकतर्फी झाले व स्पर्धेस मोठा तोटा आला. ऑक्टोबरमध्ये ऑकलंड येथील अंतिम सामन्यात ब्रिझ्बेनने हंटर मरिनर्सला ३६–१२ असे हरविले. जागतिक स्पर्धेचा उपविजेता ठरलेला हा मरिनर्स संघ त्याच वर्षाअखेर विसर्जित झाला. न्यूकॅसल परिसरात आधीच एक रुजलेला क्लब असताना तो तेथे वसविण्यात आला होता. तेथील लोकांनी त्याला आपला मानले नाही. पैशाने संघ उभा करता येतो, पण त्यामागचा समाज उभा करता येत नाही, ह्याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

ए. आर. एल. स्पर्धा : हिला ऑप्टस करंडक असे नाव होते. बॅलमेन, गोल्ड कोस्ट, इलावारा, मॅन्ली–वॉरिंगा, न्यूकॅसल, नॉर्थ सिडनी, पॅरामॅटा, साउथ क्वीन्सलंड, साउथ सिडनी, सेंट जॉर्ज, सिडनी सिटी व वेस्टर्न सबर्ब्झ हे १२ संघ तीत होते. २२ फेऱ्यांच्या साखळीत आदल्या वर्षीचा विजेता मॅन्ली पहिला व न्यूकॅसल नाइट्स दुसरा आला. बाद फेरीसाठी सात संघ पात्र ठरले. नॉर्थ सिडनीवर १७–१२ असा विजय मिळवून न्यूकॅसल प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला.

न्यूकॅसल हे सिडनीच्या उत्तरेस सु. १६० किमी. वर असलेले कोळसा व पोलाद ह्यांचे शहर. २८ डिसेंबर १९८९ च्या भूकंपात तेथे १३ माणसे दगावली होती. एप्रिल १९९७ मध्ये, म्हणजे हंगाम चालू असतानाच, १९१५ पासून चालत आलेला तेथील पोलाद कारखाना बंद करण्याचा निर्णय बी. एच. पी. कंपनीने जाहीर केला. ज्या कारखान्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरे चालली, तो जाणार हे कळलेल्या शहराने ह्या संघाच्या वाटचालीत आपला आधार शोधला. सामन्याचे महत्त्व त्यामुळे खेळापुरते उरले नव्हते.

अंतिम सामना २८ सप्टेंबर १९९७ रोजी सिडनी फुटबॉल स्टेडियमवर ४२,४८२ प्रेक्षकांसमोर झाला. प्रशिक्षक बॉब फुल्टन व कर्णधार जेफ टूव्ही ह्यांचा अनुभवी मॅन्ली संघ मध्यंतरास १६–८ असा आघाडीवर होता. न्यूकॅसलचे प्रशिक्षक इंग्लंडचे माजी खेळाडू माल्कम रायली, तर कर्णधार पॉल हॅरॅगन होता. उत्तरार्धात मॅन्लीस एकही गुण मिळाला नाही. न्यूकॅसलने दंडाच्या गोलने अंतर कमी केले आणि रॉबी ओडेव्हिसच्या दुसऱ्या ट्रायनंतर १६–१६ अशी बरोबरी साधली. सामना संपण्यास अवघी काही सेकंदे उरली असता अँड्र्यू जॉन्स अरुंद बाजूने अनपेक्षितपणे पळाला व त्याने डॅरन ॲल्बर्टकडे चेंडू दिला. ॲल्बर्टने ट्राय केला. जॉन्सच्या गोलनंतर अंतिम गुणसंख्या २२–१६ झाली. फुप्फुसास इजा झालेली असूनही जॉन्स ह्या सामन्यात खेळला होता. उत्कृष्ट खेळाडूचे क्लाइव्ह चर्चिल पदक ओडेव्हिसला मिळाले. न्यूकॅसलचे हे पहिलेच विजेतेपद होय. पोलाद कारखाना सप्टेंबर १९९९ मध्ये बंद झाला.

समेट व परिणाम : दोन्ही विजेत्यांमध्ये सामना झाला नाही, नोंदींत १९९७ साठी दोन्ही विजेते दाखविले जातात. ह्या वर्षी प्रेक्षक विभागले गेले. नामांकित खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळेनासे झाले व वर्षानुवर्षांच्या प्रतिस्पर्धी क्लबांची गाठ पडेनाशी झाली. वाढलेल्या मोबदल्यांचा भार कोणत्याच पक्षास फार काळ पेलणारा नव्हता. अखेर १९ डिसेंबर १९९७ रोजी समेट होऊन ‘नॅशनल रग्बी लीग’ (एन. आर. एल.) ही संयुक्त संस्था स्थापन करण्याचे ठरले. तीत ए. आर. एल. व न्यूज लिमिटेड हे समान भागीदार होते. १९९८ मध्ये २० संघ व २००० पर्यंत १४ संघ, अशी अट समेटात होती.

ह्या अटीचा भार क्लबांवर पडला. हंटर मरिनर्स, पर्थ रेड्स व साउथ क्वीन्सलंड हे १९९७ अखेर, तर ॲडिलेड व गोल्ड कोस्ट १९९८ अखेर बंद झाले. मेलबर्न स्टॉर्म हा नवा संघ १९९८ मध्ये आला. सेंट जॉर्ज व इलावारा १९९९ च्या हंगामासाठी एकत्र आले. २००० पासून बॅलमेन व वेस्टर्न सबर्ब्झ ह्यांचा ‘वेस्ट्स टायगर्स’, तर मॅन्ली व नॉर्थ सिडनी ह्यांचा ‘नॉर्दर्न ईगल्स’ असा संयुक्त संघ झाला. दुसरे विलीनीकरण टिकले नाही. २००३ पासून मॅन्ली पुन्हा स्वतंत्रपणे खेळू लागला. १९०८ पासून खेळत आलेला नॉर्थ सिडनी मात्र सर्वोच्च स्पर्धेतून बाहेर गेला.

१९०८ चा पहिला विजेता साउथ सिडनी ह्यासही १९९९ अखेर वगळण्यात आले. तोवर ह्या क्लबाने सर्वाधिक, म्हणजे वीस विजेतेपदे मिळविली होती. लाल–हिरव्या पोशाखाचा हा क्लब सिडनीच्या रेडफर्न भागातील श्रमिक व आदिवासी वस्तीशी निगडित आहे. त्याच्या समर्थकांनी मोर्चे काढले. नोव्हेंबर २००० मधील मोर्चात सु. ८०,००० लोक सहभागी झाल्याचे सांगितले जाते. संघीय न्यायालयाच्या पूर्णपीठाने जुलै २००१ मध्ये क्लबाच्या बाजूने निकाल दिला व २००२ मध्ये तो स्पर्धेत परतला. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हा निकाल न्यूज लिमिटेडच्या बाजूने फिरविला. तरी क्लबाचे स्थान कायम राहिले. १९७१ नंतर ४३ वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याने पुन्हा विजेतेपद मिळविले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वतंत्र आयोगाकडे खेळाचा कारभार सोपविण्यात येऊन न्यूज लिमिटेडची भागीदारी संपुष्टात आली. स्पर्धेतील संघांची संख्या पुन्हा वाढत जाऊन २०२३ मध्ये ती १७ झाली. पर्थ येथे ‘बेअर्स’ हे नॉर्थ सिडनीचे जुने नाव धारण करणाऱ्या संघास २०२७ पासून प्रवेश देण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. १९९७ च्या संघर्षाची झळ लागलेल्या एका शहराचे व एका क्लबाचे नाव त्यामुळे एकत्र आले.

मूल्यमापन : खेळाडूंना योग्य मोबदला मिळावा, ह्या न्याय्य मागणीतून रग्बी लीगचा जन्म झाला. १९९५–९७ ह्या काळात खेळाडूंचे उत्पन्न वाढले आणि सिडनीबाहेर खेळ नेण्याच्या कल्पनेस बळ मिळाले, हे नाकारता येत नाही. मेलबर्नचा संघ १९९९ मध्येच विजेता ठरला. मात्र ह्या संघर्षात निर्णय घेणाऱ्यांत प्रक्षेपण कंपन्या व संघटना होत्या. क्लबांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले लोक नव्हते. न्यूकॅसलचा विजय व साउथ सिडनीचे पुनरागमन ह्या दोन घटनांनी त्या लोकांचे स्थान ठळकपणे दाखवून दिले. प्रक्षेपणाचे हक्क विकता येतात. परंतु ज्या आपलेपणामुळे त्या हक्कांना किंमत येते, तो करारात लिहून घेता येत नाही, हा ह्या हंगामाचा मुख्य धडा होय.