बांधावरच्या बाभळीवर

ज्वारीच्या बांधावरची ही बाभूळ जेमतेम माझ्या खांद्याएवढी आहे. बुंध्यावर काळ्या डोंगळ्यांची ये-जा चालली आहे. वर चढणाऱ्यांची पोटं लहान, उतरणाऱ्यांची तट्ट फुगलेली, इतकी की काळ्या पट्ट्यांमधली फिकट कातडी दिसते.

वरच्या कोवळ्या फांदीला शिंगाळ तुडतुडे आणि त्यांची करडी पिल्लं दाटीनं चिकटली आहेत, सोंडा सालीत खुपसून रस ओढताहेत. एक डोंगळा मिशांनी एका पिल्लाच्या पाठीवर हलकेच टपटप करतो. पिल्लू मागचं टोक उचलतं, तिथं थेंब चमकतो, डोंगळा तो पिऊन टाकतो आणि शेजारच्या पिल्लाकडे वळतो. पिकावर मावा पडला की शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात, तसाच हा गोड स्राव. तो साचून राहिला तर त्यावर काळी बुरशी चढते.

पानाआडून एक कोळी पुढे सरकतो. मोठ्या डोक्याचा एक डोंगळा लगेच जबडे फाकून त्याच्या अंगावर धावून जातो. त्याला नांगी नाही. तो कडाडून चावतो आणि पोट पायांखालून पुढे वळवून फॉर्मिक आम्ल उडवतो. कोळी धागा सोडून खाली निसटतो.

साखरपाण्यावर एवढा मोठा संसार कसा चालतो? त्यात प्रथिनांची सामग्री फारच थोडी. उत्तर डोंगळ्यांच्या आतड्यात आहे. तिथल्या खास पेशींमध्ये ब्लॉकमानिया नावाचे जिवाणू राहतात आणि आवश्यक अमिनो आम्लं तयार करून देतात. राणीच्या अंड्यांतून ते पुढच्या पिढीत जातात. १८६१ साली गुस्ताव मायर यांनी नाव दिलेल्या कॅम्पोनोटस या डोंगळ्यांच्या प्रजातीत आज हजाराहून अधिक जाती मोजल्या जातात, आणि ही जोडी त्यांच्यात सर्रास आढळते. मला यातलं हेच सर्वांत थोर वाटतं: फांदीवर मी पाहते आहे त्या राखणीमागे डोळ्यांना न दिसणारी आणखी एक भागीदारी आहे.

खाली मुळांशी, वारुळाच्या तोंडाजवळ, एक भरलेला डोंगळा थांबतो. रिकाम्या पोटाचा दुसरा त्याच्या तोंडाला तोंड लावतो. थेंब सरकतो. मग तिसरा येतो, चौथा येतो. पोट हलकं झालं की पहिला वळतो आणि पुन्हा बुंध्याला लागतो. अंधार पडल्यावरही ही रांग मोडत नाही.