दुसऱ्या कुलपाचे अर्थकारण

सरकारी कोषागारातील भक्कम खोलीला दोन कुलपे असतात व त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांजवळ राहतात, हे कचेरीत काम केलेल्यांना सांगावयास नको. संगणकाच्या व्यवहारात हाच विचार दुहेरी पडताळणीच्या रूपाने आला. फरक एवढाच की, येथे दोन्ही किल्ल्या एकाच माणसाजवळ असतात: पासवर्ड स्मरणात आणि दुसरी किल्ली हातात. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन खरेदीला दुसरी पडताळणी सक्तीची केली आणि ओटीपी हा शब्द घरोघरी पोचला.

व्यवसायसंस्थांपुढील प्रश्न मात्र याहून बिकट आहे. एखाद्या मध्यम कारखान्याचे पगारपत्रक व मालसाठ्याचा हिशेब कचेरीतल्याच सर्व्हरवर, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅमवर चालतो. पत्रव्यवहार, विक्रीच्या नोंदी, रजेचे अर्ज हे सारे क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या संगणकांवर गेलेले असते. क्लाउडवर दुसरे कुलूप लावणे बहुधा सोपे व स्वस्त. जुन्या प्रोग्रॅमला ते लावायचे, तर तो लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. मग जेथे स्वस्त तेथे कुलूप लागते आणि जेथे महाग तेथे ‘पुढच्या अंदाजपत्रकात पाहू’ असा शेरा पडतो.

अर्थशास्त्रज्ञ जॅक हर्शलायफर यांनी १९८३ मध्ये एका काल्पनिक बेटाचा दाखला दिला होता. बेटावरील प्रत्येक जमीनमालक आपापल्या किनाऱ्यापुरता बांध घालतो. पण समुद्र आत शिरतो तो सर्वांत बुटक्या बांधावरून. शेजाऱ्याने कितीही उंच भिंत बांधली असली, तरी तिचा उपयोग शून्य. संगणकाच्या सुरक्षेला हा दाखला तंतोतंत लागू पडतो. नऊ प्रणालींना कुलूप लावून दहावी उघडी ठेवणाऱ्या संस्थेने नव्वद टक्के सुरक्षा विकत घेतली, असे मुळीच होत नाही.

अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन कंपनीने हे प्रत्यक्ष भोगले. ७ मे २०२१ रोजी तिला आपली इंधनवाहिनी बंद करावी लागली, पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या आणि सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजावी लागली. चोर शिरले ते दुरून काम करण्यासाठी ठेवलेल्या एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. पासवर्ड चांगला गुंतागुंतीचा होता, असे कंपनीच्या प्रमुखांनी ८ जून रोजी सिनेटच्या समितीपुढे सांगितले. पण त्या दाराला दुसरे कुलूपच नव्हते.

यावरून जुने तेवढे धोक्याचे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड कंपनीच्या सुमारे १६५ ग्राहक-संस्थांना धोक्याची सूचना द्यावी लागली. फुटलेल्या खात्यांचे पासवर्ड आधीच चोरीस गेले होते आणि दुहेरी पडताळणी सुरू करण्याचा निर्णय ग्राहकांवर सोडलेला होता. सोय उपलब्ध होती, ती वापरण्याची तसदी घेतली गेली नव्हती.

तेव्हा निवड करताना ‘कोणती किल्ली सर्वांत मजबूत’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘कोणती पद्धत सर्वांत जुन्या प्रोग्रॅमपर्यंत पोचते’ हा. व्यवहार्य मार्ग असा की, प्रत्येक प्रणालीला निराळे कुलूप लावीत बसण्याऐवजी सर्वांच्या पुढे एकच देवडी उभारावी, ओळख तेथे पटवावी आणि जुन्या प्रोग्रॅमला त्या देवडीतूनच वाट ठेवावी. त्याला हात न लावताही हे साधते. अर्थात देवडी बंद पडली तर सगळी कचेरी खोळंबते, म्हणून आणीबाणीची एक वाट कुलूपबंद राखून ठेवावी लागते.

किल्लीचा प्रकार ठरविताना मात्र हिशेब पाहणाऱ्यांचा हात आखडतो. एसएमएसचा ओटीपी स्वस्त, पण सिमकार्ड फसवून दुसऱ्याच्या नावे काढता येते. मोबाइलवरील अॅप दर तीस सेकंदांनी नवा आकडा देते आणि त्याला रेंजही लागत नाही. तरी तो आकडा बनावट पानावर भरला की गेलाच. ‘मंजूर’ म्हणून नुसती कळ दाबावयाची पद्धत सर्वांत सुटसुटीत; परंतु २०२२ मध्ये उबरवर झालेल्या हल्ल्यात पुनःपुन्हा विनंत्या पाठवून एका कंत्राटी कामगाराकडून अखेर ती कळ दाबून घेतली गेली. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ओळखल्याखेरीज न उघडणारी, संगणकाला जोडावयाची छोटी किल्ली यांत सर्वांत भरवशाची. पण ती प्रत्येकास विकत घेऊन द्यावी लागते. म्हणून कारकुनाच्या स्वतःच्या मोबाइलवर काम भागविले जाते आणि फसवणूक झाली की ‘ओटीपी तुम्हीच दिलात’ म्हणून जबाबही त्याच्याकडूनच घेतला जातो. खर्च वाचला संस्थेचा, जोखीम आली महिनाअखेरीस मोजका पगार घेणाऱ्यावर! लहान पेढ्यांत तर ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो आणि फोनवरून मोठ्याने सांगितला जातो.

टेबल-खुर्चीप्रमाणे ही किल्लीही संस्थेच्या पैशाने यावी, जडसंग्रह नोंदवहीत तिची नोंद व्हावी, आणि नोकरी सोडणाऱ्याकडून ती परत घेताना त्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. कलोनियलचे ते खातेही वापरात नव्हतेच. बंद करावयाचे तेवढे राहून गेले होते.