गाडी एक, कायदे दोन

जर्मनीत श्टुटगार्टजवळ झिंडेलफिंगेन इथे मर्सिडीजचा प्रचंड कारखाना आहे. १९७१ ते १९८९ या काळात तिथून दोन माणसांची, उघड्या टपाची एक देखणी गाडी बाहेर पडत होती. लोक तिला एसएल म्हणत. कंपनीच्या कागदोपत्री ती आर १०७. एकूण २ लाख ३७ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेला गेल्या. त्यांतली ऐंशीच्या सुमाराची एक अमेरिकेतली आणि एक युरोपातली गाडी शेजारी शेजारी उभी करून पाहा. युरोपातलीला दोन्ही बाजूंना रुंद, एकसंध काचेचा दिवा. अमेरिकेतलीला दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल दिवे. एकीचे बंपर अंगाला चिकटलेले. दुसरीचे इतके पुढे आलेले, की गाडीच वीतभर लांब झालेली. एकाच छताखाली जन्मलेल्या या दोन बहिणी ओळख पटू नये इतक्या वेगळ्या का?

उत्तर विलक्षण आहे. गाडीचा प्रत्येक कायदा लिहिताना समोर एक काल्पनिक चालक धरलेला असतो. तो काय करील, काय विसरेल, कुठे चुकेल, याचा अंदाज बांधूनच कलम लिहिलं जातं. युरोपने कल्पिलेला चालक वेगळा आणि अमेरिकेने कल्पिलेला वेगळा. कारखान्यातला पत्रा, काच आणि रबर त्या दोन कल्पनांप्रमाणे घडत गेलं.

दिव्यांपासून सुरुवात करू. अमेरिकेने १९४० मध्ये ठरवलं, की प्रत्येक मोटारीला सात इंच व्यासाचा, काच आणि फिलामेंट एकत्र बंद केलेला गोल दिवाच हवा. हेतू चांगला होता: महागड्या गाडीचा दिवा आडगावी गेला, तरी तिथल्या साध्या गॅरेजात तोच दिवा मिळावा. पुढे चार लहान दिव्यांना आणि सत्तरच्या दशकात चौकोनी आकारांना परवानगी मिळाली, पण साचा ठरलेलाच राहिला. दरम्यान युरोपात १९६२ पासून हॅलोजन दिवे आले आणि प्रत्येक गाडीच्या चेहऱ्याला साजेशी काच घडू लागली. अमेरिकेने बदलता बल्ब आणि स्वतंत्र आकाराची काच यांना मुभा दिली ती थेट १९८३ मध्ये. तोवर तिथे जाणाऱ्या अनेक युरोपीय गाड्यांना आपला चेहरा बदलावा लागत होता.

प्रकाशाचा आकारही वेगळा. युरोपीय डिपरची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. अमेरिकी डिपर थोडा उजेड वरही सोडतो, कारण तिथल्या महामार्गांवर डोक्यावर टांगलेल्या पाट्या गाडीच्याच उजेडात वाचायच्या असतात. एकाने समोरून येणाऱ्याचा विचार केला, दुसऱ्याने वाट शोधणाऱ्याचा.

बंपरची गोष्ट पैशांची. पार्किंगमधल्या किरकोळ धडकांचा दुरुस्तीखर्च आणि विम्याचा बोजा अमेरिकेत वाढत होता. म्हणून १९७३ च्या मॉडेलांपासून नियम आला: ताशी पाच मैल, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर वेगाने समोरून धडकली, तरी गाडीचे दिवे आणि सुरक्षेचे इतर भाग शाबूत राहिले पाहिजेत. पुढच्या वर्षी मागच्या बाजूलाही तीच कसोटी लागली. तो दणका पचवायला बंपरमागे अंतर लागतं, आणि वीतभर लांबी आली ती त्यातूनच. १९८२ मध्ये ही अट अडीच मैलांवर आणली गेली.

आता इंजिन. शेवटच्या वर्षांत अमेरिकेला जाणाऱ्या एसएलचं इंजिन ५.६ लिटरचं होतं, तरी शक्ती सुमारे २२७ हॉर्सपॉवर. युरोपातल्या ५ लिटरच्या, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या एसएलची शक्ती मात्र २४० च्या वर! मोठं इंजिन आणि शक्ती कमी, हे कोडं सोडवायला लॉस एंजेलिसच्या धुरकट आकाशाकडे पाहावं लागतं. त्या धुराने हैराण झालेल्या अमेरिकेने १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा कडक केला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास आले. युरोपात ते सर्व नव्या मोटारींना येईपर्यंत १९९३ उजाडलं. हॉर्सपॉवर कमी झाली, पण अमेरिकी मुलांच्या वाट्याला स्वच्छ हवा युरोपच्या कितीतरी आधी आली. इंधन बचतीच्या अमेरिकी कायद्यातूनही एक नवल जन्मलं. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून सरासरी सुधारावी म्हणून मर्सिडीजने १९७८ मध्ये आपल्या सर्वांत प्रतिष्ठित एस-क्लासमध्ये टर्बो डिझेल बसवलं. टर्बो डिझेलवर चालणारी ही जगातली पहिली उत्पादनातली मोटार खुद्द जर्मनीत विकतच मिळत नव्हती. ती होती फक्त उत्तर अमेरिकेसाठी.

काल्पनिक चालकाचा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो एअरबॅगमध्ये. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत सीटबेल्ट लावणारे जेमतेम १४ टक्के होते. त्यामुळे कायद्याने अट घातली, की धडकेच्या चाचणीत माणसाच्या जागी बसवलेला, बेल्ट न लावलेला पुतळाही वाचला पाहिजे. पश्चिम जर्मनीत १९७६ मध्ये बेल्ट सक्तीचा झाला, १९८४ मध्ये दंड लागू झाला आणि बेल्ट लावणारे नव्वद टक्क्यांवर गेले. तिथे एअरबॅग बेल्टच्या मदतनीसाचं काम करणार होती. अमेरिकेत तिने एकटीने माणूस सावरायचा होता, म्हणून ती मोठी आणि जोरकस झाली. त्या जोराने नव्वदच्या दशकात काही लहान मुलांचे आणि ठेंगण्या व्यक्तींचे जीव गेले. मग १९९७ मध्ये जोर कमी करायची मुभा द्यावी लागली.

हे फरक आजही संपलेले नाहीत. मागचे इंडिकेटर युरोपात पिवळेच हवेत. अमेरिकेत लालही चालतात, म्हणून बीएमडब्ल्यू आणि ऑडी यांच्या अनेक मॉडेलांचे मागचे दिवे दोन बाजारांसाठी वेगळे बनतात. अमेरिकेत चालकाच्या बाजूचा आरसा सपाट हवा; पलीकडचा फुगीर असेल, तर ‘वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत’ अशी सूचना त्यावर कायद्यानेच कोरावी लागते. ऑडीने २०१३ मध्ये ए८ गाडीत असे दिवे आणले, जे समोरच्या गाडीपुरताच अंधार ठेवून बाकी रस्ता लख्ख उजळतात. अमेरिकेने अशा दिव्यांसाठी नियम केला तो २०२२ मध्ये.

या दोन वाटांच्या मुळाशी विश्वासाच्या दोन रीती आहेत. युरोपात आधी तपासणी, मग विक्री. १९५८ च्या जिनिव्हा करारानुसार एका देशाने पारखलेला भाग करारातले इतर देश मान्य करतात. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यानुसार कंपनी स्वतःच ग्वाही देते, सरकार नंतर बाजारातून गाडी उचलून तपासतं आणि खोट निघाली तर गाड्या परत बोलावायला लावतं. भारत आधी तपासणाऱ्यांच्या पंक्तीत आहे. पुण्याची एआरएआय ही संस्था गाड्या पारखते आणि आपले बरेच निकष जिनिव्हाच्या नियमांवर बेतलेले आहेत. म्हणून चाकणच्या कारखान्यात जुळणी झालेली एस-क्लास न्यू जर्सीतल्या एस-क्लासपेक्षा युरोपातल्या एस-क्लासच्या अधिक जवळची.

यांतलं कोण बरोबर, याचा एका ओळीचा निकाल नाही. दिव्यांत युरोप पुढे होता, हवेत अमेरिका, आणि दोघांनीही एकमेकांपासून उशिरा का होईना, शिकून घेतलं. तुमच्या गाडीच्या हेडलाइटची किंवा पुढची काच एकदा नीट न्याहाळा. बऱ्याच गाड्यांवर वर्तुळात रोमन ई अक्षर आणि शेजारी एक आकडा सापडेल. १ असेल तर मान्यता जर्मनीची, २ असेल तर फ्रान्सची, ३ म्हणजे इटली, ४ म्हणजे नेदरलँड्स. तुमच्या काचेवर कोणता आकडा आहे, तो आजच शोधा.