हिरवं दिसलं की खूश? जरा माहुलला जाऊन या!

रविवारची सकाळ, चेंबूर स्टेशन. ग्रुपचं गाडं नेहमीप्रमाणे ‘मॉल की मूव्ही’वर अडकलेलं. अशा वेळी सरळ माहुल गावाची रिक्षा पकडा. वाटेत रिफायनरीच्या टाक्या, नाकात तो ओळखीचा वास आणि शेवटी जेट्टी. फक्त ओहोटीची वेळ बघून निघा. हिवाळ्यापासून मेपर्यंत इथे पाणी ओसरलं की काळ्या चिखलावर गुलाबी गर्दी होते. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित! सोबत लाल तंगड्यांचे शेकाटे आणि चिमुकले टिलवे.

आता गोची ऐका. ठाणे खाडीतला हा उघडा चिखल आक्रसतोय आणि त्याला गिळतेय चक्क खारफुटी! शहरातून येणारा गाळ आणि सांडपाणी खाडीत साचतं, तळ उंचावतो, तिवराचं बी रुजतं आणि बघता बघता जंगल उभं राहतं. आपल्याला ते झक्कास दिसतं. पण चिखलात चोच खुपसून पोट भरणाऱ्यांनी जायचं कुठे?

त्यांची घरटी इथे नसतात, हे खरं. रोहित कच्छच्या रणात अंडी घालतात, टिलवे तर थेट सैबेरियाकडच्या टुंड्रात. पण तिथवर उडायचं पेट्रोल भरतात ते याच चिखलात. (रिफायनरीच्या शेजारी राहण्याचा असाही फायदा!)

अमेरिकेत प्लाट नदीवर धरणांमुळे पूर ओसरले आणि वाळूच्या बेटांवर झाडोरा माजला. उघड्या वाळूत अंडी घालणाऱ्या सुरय आणि चिखल्या पक्ष्यांची पंचाईत झाली. तिथे २००७पासूनच्या एका कार्यक्रमात ही जागा साफ करून मोकळी ठेवली जाते.

मग आपणही कोयता काढायचा? अजिबात नाही! २०१८मध्ये मुंबई हायकोर्टाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी घातली, ते योग्यच झालं. ‘पक्ष्यांसाठी’ म्हणून उचललेला कोयता बिल्डरच्या हातात कधी जाईल, कळणारही नाही. खरं काम नाल्याच्या तोंडाशी आहे : गाळ आणि मैला खाडीत जाण्याआधीच अडवायचा. पण त्याचे फोटो चांगले येत नाहीत ना!

फोटो येतात ते वृक्षारोपणाचे. २०१५मध्ये जाहीर झालेलं आणि २०२२मध्ये रामसर यादीत गेलेलं फ्लेमिंगो अभयारण्य ऐरोली आणि वाशीच्या पुलांमध्ये आहे. माहुल त्याच्या बाहेर. तेव्हा ऑफिसातून ‘चला, खारफुटी लावू या’चा मेल आला, तर एचआरला एकच विचारा : जागा कुठली? उत्तर ‘रिकामा चिखल’ असेल, तर त्या दिवशी खुशाल दांडी मारा.