नाकातला हरभरा

जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथेच महिको ही बियाणे कंपनी काढली. जिल्ह्यात कुठल्याही ओसरीवर गोणीच्या तोंडाशी सोयाबीन, तूर, हरभरा सांडलेला दिसेल. दोन-चार वर्षांचं पोर त्यात खेळत बसतं आणि एखादा दाणा नाकात सारून बघतं. मग सल्ल्यांना ऊत येतो.

‘तपकीर हुंगवा, शिंकेसरशी पडेल.’ पण शिंकेआधी आपण खोल श्वास आत ओढतो. दाणा मागे सरकून घशात आणि तिथून श्वासनळीत गेला, तर खरा जिवाशी खेळ. दाणा ‘मेंदूत चढतो’ ही भीती मात्र उगाच. नाकाच्या छताला हाड असतं.

‘पाणी सोडा, सुटेल.’ रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी वाटीच्या काठावर आलेले प्रत्येक घराने पाहिलेत. नाकात ओल आधीच आहे, त्यात पाणी कशाला? बी ओल पिऊन फुगतं, नाकपुडीत घट्ट बसतं.

‘चिमट्याने ओढा.’ गोल, गुळगुळीत वस्तू चिमट्यातून निसटते आणि आणखी आत जाते. डॉक्टर मुलाला चादरीत गुंडाळून आईच्या मांडीवर बसवतात, डोकं कुणीतरी धरतं. मग टोकाला वाकवलेली बारीक सळई दाण्याच्या वरून पलीकडे नेऊन त्याला मागून पुढे ओढतात. पहिला प्रयत्न सगळ्यात सोपा. घरच्या खटपटीत नाक सुजलं, रक्त आलं, की मूल हात लावू देत नाही. मग भूल द्यावी लागते.

घरी करण्याजोगा एक उपाय आहे. न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरने १९६५ साली तो मांडला. इंग्रजीत त्याला चक्क ‘आईचा मुका’ म्हणतात. आईने मोकळी नाकपुडी बोटाने दाबायची, मुलाच्या तोंडावर तोंड घट्ट टेकवून एक झटकन फुंकर मारायची. दहातल्या सहा वेळा वस्तू निघते. आधी डॉक्टरांकडून नीट समजून घेतलेलं बरं.

सगळ्यात घातक वस्तू दाणा नव्हे, खेळण्यातला किंवा रिमोटमधला बटणासारखा चपटा सेल. ओल्या नाकात त्यातून वीज वाहते, दाहक अल्कली तयार होते आणि काही तासांत नाकाचा मधला पडदा जळून भोक पडू शकतं. इथे सकाळची वाट बघायची नाही, नाकात थेंबही घालायचा नाही. आणि वस्तू कुठलीही असो, मूल घुसमटत असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

‘रडत नाही म्हणजे काही नाही,’ हाही एक गोड गैरसमज. सर्दी सहसा दोन्हीकडून वाहते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर सर्दीचं औषध पाजत आठवडे काढू नका. एक्स-रेवरही विसंबू नये. त्यात सेल दिसतो, हरभरा किंवा प्लास्टिकचा मणी सहसा दिसत नाही.

आणि दाणा निघाला, की लगेच उठू नका. डॉक्टर दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कानही तपासतात. एक सापडला तिथे दुसरा निघाल्याची उदाहरणं आहेत.