नवीन काय आलं?

नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेला उतरून आचोळे रस्त्याने चालू लागलं की दोन्ही बाजूंना इमारतींची दाटी लागते. इथल्या वन रूम किचनमध्ये जागेचा हिशेब इंचांत होतो. कपाटावर बॅगा, पलंगाखाली गाद्या आणि माळ्यावर पितळेची भांडी. अशा एखाद्या घरात भिंतीला लागून चित्रपटसंगीताच्या दोन-अडीचशे लाँगप्ले तबकड्या उभ्या असतील, तर तिथला वाद कुणी न सांगताही कळतो. ‘सगळं मोबाइलवर मिळतं, मग ही अडगळ कशाला?’ मुलाचा हा प्रश्न चुकीचा नाही. निवृत्त वडिलांना त्याचं उत्तर शब्दांत मांडता येत नाही. ते रविवारी सकाळी एका मित्राला फोन लावतात आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘नवीन काय आलं?’

डॉक्टरने लक्ष द्यावं असं या प्रश्नात बरंच आहे. त्याआधी हा संग्रह नेमका कशाचा असतो, ते पाहायला हवं.

आपल्याकडे चित्रपटाची तबकडी म्हणजे गाणी, असंच समीकरण राहिलं. प्रसंगामागे वाजणारं पार्श्वसंगीत स्वतंत्र तबकडीवर फारसं येत नसे. त्यामुळे ‘शोले’च्या (१९७५) तबकडीवर गाण्यांबरोबर मिळणारं राहुलदेव बर्मन यांचं शीर्षकसंगीत शौकिनांना मोलाचं वाटतं. त्याच चित्रपटाच्या संवादांचीही तबकडी निघाली आणि ती इतकी वाजली की लोकांना संवाद तोंडपाठ झाले. परदेशात पार्श्वसंगीताचे अल्बम काढण्याची रीत जुनी आहे. ‘गांधी’चं (१९८२) संगीत पंडित रविशंकर आणि जॉर्ज फेंटन यांचं आहे. हिंदी चित्रपट जमवणारे आणि इंग्रजी अल्बम जमवणारे असे दोन पंथ या एका नावाशी एकत्र येतात. आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण ‘सैराट’चं (२०१६). अजय-अतुल यांनी त्याच्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रण करून घेतलं. मुद्दा असा, की या छंदात हवी ती वस्तू सहज मिळत नाही. ती शोधावी लागते. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. चोरबाजारात जायचं तर आचोळ्याहून लोकलने दीड तास आणि पुढे पायपीट. एवढं करून कधी कधी रिकाम्या हाताने परत.

तरीही माणूस पुन्हा जातो. का जातो, याचं थोडं उत्तर मेंदूविज्ञानाकडे आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये, आवडतं संगीत ऐकताना ज्यांच्या अंगावर काटा येतो अशा लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. आनंदाशी आणि प्रेरणेशी जोडलेलं डोपामाइन हे रसायन दोन टप्प्यांत स्रवताना दिसलं. काटा येण्याच्या क्षणी ते न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागात वाढलं. त्याच्या थोडं आधी, ‘आता ती जागा येणार’ अशी वाट पाहताना, ते कॉडेट न्यूक्लियसमध्ये वाढलेलं होतं. म्हणजे वाट पाहण्याचं सुख वेगळं आणि मिळण्याचं वेगळं.

त्याच विद्यापीठातला २०१३ चा प्रयोग तर संग्राहकांसाठीच बेतलेला वाटावा. १९ जणांना त्यांनी कधी न ऐकलेल्या संगीताचे ६० तुकडे ऐकवले आणि प्रत्येक तुकड्याच्या पूर्ण रचनेसाठी स्वतःचे किती पैसे द्याल, ते विचारलं. ज्या तुकड्याला मोठी बोली लागली तो ऐकताना न्यूक्लियस अक्युम्बन्स अधिक सक्रिय झालेलं दिसलं आणि मेंदूच्या श्रवणकेंद्राशी त्याची देवाणघेवाणही वाढलेली होती. श्रवणकेंद्रात आयुष्यभर ऐकलेल्या संगीताचा साठा असतो. त्या साठ्याशी ताडून पाहून नवं मोलाचं की नाही, हे मेंदू ठरवतो. ज्याने पन्नास वर्षं ऐकलं आहे त्याला चोरबाजारातल्या ढिगातली एक तबकडी पाहून जे वाटतं, ते शेजारच्या गिऱ्हाइकाला का वाटत नाही, याचा अंदाज यातून येतो. अर्थात हे प्रयोग मोजक्या लोकांवर झालेले आहेत. तबकड्या जमवल्याने आयुष्य वाढतं, असं त्यांतून कुणी काढू नये.

आयुष्याशी संबंध लागतो तो दुसऱ्या गोष्टीचा, मित्राला लावलेल्या त्या फोनचा. २०१० मध्ये अमेरिकेतील ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो, असं म्हटलं आहे. रक्तदाब आणि साखर यांच्याइतक्याच गांभीर्याने बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न विचारायला हवा, ‘दिवसभरात कुणाशी बोलता?’ रांग मोठी असली की तो राहून जातो.

विरार मार्गावर या प्रश्नाला एक खास बाजू आहे. तीस-पस्तीस वर्षं ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेले चेहरे. गाडीतलं भजन, पत्ते, भांडणं, वाढदिवसाचे पेढे. रोजचे दोन-तीन तास ही संगत असते आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ती एकदम सुटते. पगार थांबण्याची तयारी माणूस करतो, गाडीचा ग्रुप सुटण्याची करत नाही. मग गुडघेदुखी वाढते, झोप उडते, भूक मंदावते आणि तपासण्या मात्र ठीक निघतात. अशा वेळी तबकड्यांच्या निमित्ताने महिन्यातून एकदा चार माणसं एका खोलीत जमत असतील, तर तो नुसता करमणुकीचा प्रकार राहत नाही.

अशी जमण्याची परंपरा महाराष्ट्रात चांगली रुजलेली आहे. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर तिच्या संस्थापकांपैकी एक. एकत्र बसून तबकड्या ऐकणं हाच तिच्या कामाचा गाभा. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिकही तिने चालवलं. तुळजापूर-सोलापूरकडचे शौकीनही तिच्याशी जोडले गेले. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हा १९३१ पासूनच्या बोलपटांच्या गाण्यांची नोंद करणारा ग्रंथ. त्यामागेही गावोगावच्या संग्राहकांनी कळवलेली माहिती आहे. एकट्याच्या कपाटात कुलूपबंद राहिलेल्या संग्रहांतून हे उभं राहिलं नसतं. (तबकडी ऐकवणं वेगळं आणि उसनी देणं वेगळं, हे मात्र कुणीही जुना शौकीन सांगेल. दुसऱ्या प्रकाराने मैत्री तुटल्याचे दाखले पुष्कळ.)

म्हणूनच घरच्यांनी ‘किती तबकड्या झाल्या?’ यापेक्षा ‘कुणाबरोबर ऐकता?’ हे पाहावं. वस्तू साठवत राहण्याचा एक आजारही आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात २०१३ पासून त्याला स्वतंत्र स्थान मिळालं आहे. त्यात वस्तूची खरी किंमत काहीही असो, ती टाकून देणं जमत नाही. टाकायची म्हटली की तीव्र त्रास होतो. पलंग झोपायला आणि ओटा स्वयंपाकाला उरत नाही. संग्राहकाला आपल्याकडे काय आहे ते माहीत असतं. तो लावून ठेवतो, दाखवतो, दुबार असलेली तबकडी बदल्यात देतो. साठेबाजी जडलेला माणूस बहुधा घरात कुणाला येऊच देत नाही. साठी उलटल्यावर अचानक, पूर्वी कधी नसलेली, काहीही गोळा करण्याची सवय लागली आणि त्याबरोबर स्वभाव बदलला, बोलण्यातलं भान सुटलं, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं. काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी होते. यातल्या कुठल्याही प्रकारात, माणूस बाहेर गेल्याची संधी साधून सगळं भंगारवाल्याला देऊन टाकणं हा उपाय नव्हे. त्याने विश्वास जातो आणि उपचार आणखी अवघड होतात.

वसई-विरारच्या हवेत या छंदाचे शारीरिक धोकेही आहेत. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरांना बुरशी धरते. तिचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे गेले की शिंका, नाक वाहणं, दमेकऱ्याला धाप. तबकड्यांना हात लावला की दुसऱ्या दिवशी खोकला, असं वारंवार होत असेल, तर कारण कव्हरात शोधावं. पुसायचं काम गॅलरीत, मास्क लावून, कोरड्या दिवशी करावं. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते. हे लक्षात ठेवून तळमजल्यावरचे लोक संग्रह उंचावर ठेवतात आणि तिथून दुसरा धोका सुरू होतो. अडीचशे लाँगप्ले कव्हरासकट ५०-६० किलो भरतात. साठीतल्या माणसाने स्टुलावर चढून माळ्यावरचा गठ्ठा ओढायचा म्हणजे खुब्याच्या हाडाशी खेळ. कमरेच्या उंचीची मांडणी बरी, आणि तबकड्या उभ्याच ठेवाव्यात.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. त्या लाखेच्या. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या इवल्याशा कीटकांचा स्राव. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी बनत असे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे इंजेक्शनआधी वापरायचं स्पिरिट किंवा करोनाकाळात घरोघर आलेलं सॅनिटायझर अशा तबकडीला लावलं, तर डागाबरोबर गाणंही पुसलं जाईल.

कानांचंही पाहायला हवं. वयानुसार उंच पट्टीचे स्वर आधी कमी ऐकू येतात. व्हायोलिन मंद वाटू लागली की माणूस तबकडी जुनी झाली म्हणतो आणि आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला ही मर्यादा चार तासांवर येते. शेजाऱ्यांच्या भीतीने हेडफोन लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. तीत बहिरेपण आहे आणि सामाजिक एकटेपणाही. श्रवणयंत्राची लाज वाटत असेल तर ती तबकड्यांच्या मैफलीत सोडायला हरकत नाही. तिथे जमलेल्यांपैकी निम्म्यांना त्याची गरज असते.

स्मृतिभ्रंश झालाच, तरी संगीत बरंच उशिरापर्यंत टिकतं. २०१५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, ओळखीच्या संगीताची दीर्घ स्मृती सांभाळणारे मेंदूतले भाग अल्झायमरमध्ये तुलनेने कमी झिजलेले आढळले. मुलाचं नाव आठवत नाही, पण शीर्षकसंगीताचे पहिले दोन सूर कानावर पडले की हात ठेका धरतो, असं घडू शकतं. मात्र तेव्हा कोणती धून लावायची, हे घरच्यांना ठाऊक असावं लागतं.

त्यासाठी संग्राहकाची वही उपयोगी पडते. बहुतेक जण ती ठेवतातच. चित्रपट, संगीतकार, साल, कुठे मिळाली, कितीला मिळाली. त्यात दोन रकाने आणखी आखावेत. एकात ती धून का आवडते ते एका ओळीत आणि दुसऱ्यात ती कुणाला ऐकवली त्याचं नाव. हा शेवटचा रकाना दोन-तीन महिने कोरा दिसला, तर मुलाने वडिलांना घेऊन दवाखान्यात यावं, आणि येताना वहीही आणावी.